पायरीसरांचा कच्चा खर्डा

“चुका मुद्दाम करायच्या, पण फार नाहीत,” सर म्हणाले. “एका पानावर पाच-सहा पुरे. दोन वाक्यं खोडा, एखादं बाण काढून वर न्या, समासात एखादा शब्द घाला. आणि सगळं एकाच पेनाने नको. थोडं पेन्सिलीने असू दे.”

आठवीचा वर्ग कामाला लागला. अडतीस मुलं आपापला पक्का, देखणा निबंध समोर ठेवून त्याचा कच्चा खर्डा तयार करू लागली. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून एक हात वर आला.

“सर, मला चुका सुचत नाहीयेत.”

वर्गात खसखस पिकली, कारण एरवी या मुलाला चुका शोधत बसावं लागत नसे. सरही हसले. मग फळ्याकडे वळले आणि फळा स्वच्छ असताना उगाचच पुसत राहिले.

ते या शाळेत सव्वीस वर्षं भाषा शिकवत होते. इतर शिक्षक फळ्यावर निबंध लिहून देत, मुलं तो उतरवून घेत आणि दोन्ही बाजूंनी सुटका होई. सरांना ते पटत नसे. लेखन हे पायरीपायरीने होतं, असं त्यांचं म्हणणं. आधी विचार, मग मुद्दे, मग कच्चा खर्डा, मग दुरुस्ती आणि शेवटी पक्की प्रत. या पाच पायऱ्यांचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून वर्गात लावला होता. मुलं पाठीमागे त्यांना ‘पायरीसर’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांची टर उडवली जाई. “लोक निबंध लिहून घेतात, तुम्ही त्याचं बाळंतपण करता,” असं गणिताच्या बाई म्हणत.

सरांचे नियम कडक होते. खोडरबर वापरायचा नाही. नको असलेल्या वाक्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं आणि आपण काय टाकलं ते कळतं. कागदाची मागची बाजू दुरुस्तीसाठी कोरी सोडायची. आणि कच्चा खर्डा जोडल्याशिवाय पक्की प्रत घेतली जाणार नाही, मग ती मोत्यांच्या अक्षरात का असेना.

असे हे सर आज मुलांना शेवटच्या पायरीवरून उलटे खाली उतरायला शिकवत होते. कारण मुलांच्या खऱ्या खर्ड्यांचा गठ्ठा हरवला होता, आणि गुरुवारी तपासणीसाठी अधिकारी येणार होते. हे पायऱ्यांचं काम शाळेने अहवालात ठळकपणे लिहिलं होतं. त्यामुळे अधिकाऱ्यांना खर्डेच बघायचे होते.

गठ्ठा हरवल्याचं कळलं ते आदल्या दिवशी, सोमवारी. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सरांना बोलावून गठ्ठा मागितला. सरांनी बाईंसमोरच शिक्षकांच्या खोलीतलं आपलं कपाट उघडलं, खालचे-वरचे कप्पे उपसले. गठ्ठा नव्हता.

“शनिवारी मी टेबलावरच ठेवला होता,” सर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

“मग गेला कुठे?”

टेबलाच्या शेजारी कचऱ्याची टोपली होती. सरांची नजर तिच्यावर गेली. “मावशींनी रद्दी समजून टाकला असेल,” ते म्हणाले. “खाडाखोडीचे कागद ते. त्यांना काय कळणार?”

या शेवटच्या तीन शब्दांची काहीच गरज नव्हती. मुलाच्या निबंधात ते असते, तर सरांनी खोडले असते.

मावशी शाळेची साफसफाई करत. नऊ वर्षं त्या या शाळेत होत्या. त्यांची मुलगी आठवीत, सरांच्याच वर्गात, भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायची. मोठ्या बाईंनी बोलावल्यावर मावशी ओले हात पदराला पुसत आल्या आणि दारातच थांबल्या.

“टेबलावरचं मी काही उचलत नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “टोपलीतलं नि खाली पडलेलं, तेवढंच.”

“मग काय गठ्ठ्याला पाय फुटले?”

मावशींनी सरांकडे पाहिलं. सरांनी काहीतरी बोलावं, एवढीच त्यांची अपेक्षा दिसत होती. नऊ वर्षांत मावशींच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, हे सर सांगू शकले असते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मग चष्मा काढून पुसायला घेतला. मोठ्या बाईंनी साफसफाईची माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. मंगळवारपासून मावशींनी यायचं नाही, असं ठरलं.

त्याच सोमवारी संध्याकाळी सर घरी चहा पीत बसले होते. त्यांच्या बायकोने आतून विचारलं, “अहो, ही दारामागची पिशवी कसली? शनिवारपासून लोंबकळतेय. मी आपली इस्त्रीचे कपडे समजत होते.”

पिशवीत गठ्ठा होता. पांढऱ्या नाडीने बांधलेला, नाडीला सरांचीच गाठ. तो त्यांनी रविवारी वाचायला म्हणून घरी आणला होता. शनिवारी दारातच पाहुणे भेटले, गप्पा रंगल्या आणि पिशवी दारामागे अडकली ती अडकली.

“मिळाला ना? चला, सुटलात,” बायको म्हणाली. “उद्या सांगून टाका बाईंना.”

“हो, उद्या सांगतो,” सर म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते.

मंगळवारी सकाळी ते मोठ्या बाईंच्या दाराशी गेलेही. आत बाई फोनवर संस्थेच्या चिटणिसांशी बोलत होत्या. “हो, काढलं तिला. नाही, संशयावरून कसं काढेन? सरांनी स्वतः सांगितलं. त्यांचा शब्द म्हणजे काय, पुरावाच.”

सर दारातून मागे फिरले. आपला शब्द इतका वजनदार असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता तो उचलून बाजूला ठेवायचा, तर स्वतःच्या अंगावर पडणार होता. तास संपल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि वर्गात जाऊन मुलांना म्हणाले की चुका मुद्दाम करायच्या, पण फार नाहीत.

गुरुवारी अधिकारी आले. त्यांनी खर्डे चाळले, दोन-तीन उलटसुलट करून पाहिले आणि खूश झाले. “मुलांची खाडाखोड किती प्रामाणिक आहे बघा,” ते मोठ्या बाईंना म्हणाले. सरांनी मान खाली घातली. तोही सगळ्यांना विनयच वाटला.

आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. जितका उशीर झाला, तितकी सांगायची गोष्ट वाढत गेली. पहिल्या दिवशी ती नुसती विसरभोळेपणाची होती. तिसऱ्या आठवड्यात तिला दुसरं नाव द्यावं लागलं असतं. मावशींच्या जागी ठेकेदार एका तरुणाला पाठवायचा. तो एक दिवस यायचा, तीन दिवस यायचा नाही. टोपल्या भरून वाहत. तिसऱ्या बाकावरची मुलगी वेळेवर येत होती, प्रश्नांची उत्तरं देत होती, सरांकडे पूर्वीसारखीच बघत होती. तिने तोंड फिरवलं असतं, तर सरांना बरं वाटलं असतं.

मग नवा विषय आला, ‘माझ्या घरातलं एक माणूस’. मुलं तिसऱ्या पायरीवर होती. सर लाल पेन घेऊन बाकाबाकाशी जात होते. तिसऱ्या बाकाशी आल्यावर मुलीने आपला खर्डा पुढे सरकवला.

‘माझी आई आता दुपारी घरीच असते. ती रिकामी बसत नाही, पण बसल्यासारखी दिसते. आधी ती शाळेत कामाला होती. टोपलीतला कागद टाकण्याआधी ती तो उलटून बघायची. मागची बाजू कोरी असली तर माझ्यासाठी ठेवायची. माझ्या गणिताच्या कच्च्या वह्या तशाच कागदांच्या शिवलेल्या आहेत. म्हणून मला वाटतं, आमचा गठ्ठा तिने टाकला नाही. त्यातल्या सगळ्या कागदांची मागची बाजू कोरी होती. तसा कागद ती टाकूच शकत नाही.’

सरांनी ते दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याने इतकं सरळ, एकातून एक निघणारं लिहिलं नव्हतं. शाबास म्हणावं, असंच ते होतं. त्यांचा हात पुढे झाला आणि ‘म्हणून मला वाटतं’पासून शेवटपर्यंत त्यांनी लाल रेघ मारली.

“हे विषयाला सोडून आहे,” ते म्हणाले. “आईबद्दल लिही. गठ्ठ्याबद्दल नाही.”

“पण ते आईबद्दलच आहे ना, सर?”

“निबंध एका दिशेने जायला हवा.”

“बरं, सर,” मुलगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पक्की प्रत आणून दिली. तिच्या शेवटी ‘अशी माझी आई मला फार आवडते’ असं लिहिलं होतं. खाली कच्चा खर्डा नियमाप्रमाणे जोडलेला होता. सरांनी दहापैकी नऊ दिले. पेन खाली ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी किळस आली की ते उठून हात धुऊन आले.

संध्याकाळी घरी ते वह्या तपासत असताना बायकोने मागून वाकून वाचलं. लाल रेघ एकच होती, त्यामुळे खालचं सगळं वाचता येत होतं.

“ही त्या मावशींची मुलगी?”

“हो.”

“तुम्ही सांगितलंत ना तेव्हा बाईंना?”

सरांनी पुढची वही ओढून उघडली.  बायकोने आत जाऊन कपाटावर ठेवलेला गठ्ठा काढला, आणला आणि त्यांच्या समोर, वह्यांच्या वर ठेवला. त्या संध्याकाळी ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. एरवी ती इतका वेळ गप्प राहू शकते, असं सरांना वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. सरांनी कागद घेतला. पहिल्या दोन पायऱ्यांची गरजच पडली नाही, सरळ खर्डा उतरला. ‘गठ्ठा माझ्याच घरी होता. तो त्याच सोमवारी संध्याकाळी सापडला. मी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. मग रोज जास्त लाज वाटत गेली. चोवीस दिवस मी गप्प बसलो. मावशींनी काहीही केलेलं नाही. त्यांना काय कळणार, असं मी म्हणालो, तेही वाईट होतं.’

आयुष्यात त्यांनी लिहिलेलं हे पहिलंच चांगलं लिखाण होतं. मग त्यांनी ते दुरुस्तीला घेतलं.

‘लाज वाटली’ हे कार्यालयीन पत्रात शोभत नाही, म्हणून गेलं. ‘चोवीस दिवस’ मोजून सांगायची काय गरज? तेही गेलं. ‘काय कळणार’ हे मोठ्या बाईंच्या लक्षातही नसेल, उगाच आठवण कशाला? ‘त्याच सोमवारी’ या शब्दांपाशी पेन बराच वेळ थांबलं. सर उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. पक्की प्रत तयार झाली ती अशी: ‘काल घरातील कपाट आवरताना सदर गठ्ठा आढळून आला. त्यामुळे मावशींचा कोणताही दोष नसल्याचे आपल्या निदर्शनास आणून देणे मी माझे कर्तव्य समजतो.’

वाक्यं कशी ठाकठीक होती. खर्डा मात्र त्यांनी चुरगळून टोपलीत टाकला. मुलांना त्यांनी कधी असं करू दिलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी गठ्ठा ठेवून घेतला, पत्र वाचलं आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. “दुसरा कुणी असता तर गुपचूप जाळून टाकला असता. मोठं मन लागतं, सर, याला.”

शुक्रवारी सकाळी सगळी शाळा मैदानात उभी असताना बाईंनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चूक लक्षात येताच ती कबूल करणं म्हणजे काय, हे मुलांनी सरांकडून शिकावं, असं त्या म्हणाल्या. मावशी सोमवारपासून परत येणार असल्याचंही त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. आठवीच्या रांगेत मावशींची मुलगी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होती. धरणीने पोटात घ्यावं, असं सरांना वाटलं, पण तिथे नुसतं सिमेंट होतं.

तास संपल्यावर मुलगी वर्गात मागे राहिली.

“सर, मी ते परत लिहू का? तुम्ही खोडलेलं, गठ्ठ्याचं?”

“लिही,” सर म्हणाले.

“आणि शेवट बदलते. शेवटी लिहिते की, सरांना गठ्ठा सापडला आणि त्यांनी सापडल्याबरोबर सांगितलं. म्हणजे एका दिशेने जाईल.” ती खूश होती. “सोमवारी तिसऱ्या तासाला देऊ?”

सर ‘नको’ म्हणणार होते. पण ‘का’ असं तिने विचारलं असतं. “दे,” ते म्हणाले.

शनिवार-रविवार त्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. स्वतः खोटं लिहिलं ते लिहिलं, आता ते खोटं एका मुलीच्या वहीत तिच्या अक्षरात उतरणार होतं, आणि तिला ते खरं वाटणार होतं. आपण शिकवलेल्या पाचही पायऱ्या चढून ती तिथे पोचणार होती. यावरून त्यांची झोप उडाली. तरी बाईंकडे जायचं कसं, आणि जाऊन म्हणायचं काय, इथे येऊन त्यांचं घोडं अडत होतं.

सोमवारी ते शाळा भरायच्या बरेच आधी आले. मावशी आल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीतल्या टोपल्या त्यांनी रिकाम्या करून बाहेर उलट्या घातल्या होत्या आणि आता त्या बाहेरचा लांब व्हरांडा पुसत होत्या. सरांना पाहून त्यांनी फडक्याचा दांडा भिंतीला टेकवला आणि कमरेला खोचलेला एक कागद काढला. तो नीट, हाताने दाबून सरळ केलेला होता.

“सर, हे टोपलीत होतं,” त्या म्हणाल्या. “फाडून टाकायचं राहिलं वाटतं तुमचं.”

सरांनी कागद घेतला. आपलंच अक्षर त्यांना ओळखू आलं आणि त्यांचे कान गरम झाले.

“वाचलंत?”

“बघूनच टाकते ना मी.”

“मुलीने?”

“तिला नाही दाखवलं. घरी सारखं तुमचंच चाललेलं असतं तिचं, सर असे म्हणाले, सर तसे म्हणाले. आता काय सांगू तिला?” मावशी राग आल्यासारख्या बोलत नव्हत्या. कामाचं काहीतरी सांगावं, तसं सांगत होत्या. “फाडून टाका. कुणाच्या हाती लागलं तर तुमची पंचाईत.”

“मावशी, माझं चुकलं.”

“हं,” मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, “एकच विचारायचं मनात होतं. त्या दिवशी बाई मला बोलत होत्या, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर काय बघत होतात?”

सरांनी आठवून पाहिलं. “काही नाही,” ते म्हणाले. “बाहेर काहीच नव्हतं.”

“मलापण तेच वाटलं,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दांडा हातात घेतला.

सर कागद घेऊन उभे राहिले. फाडायला दोन सेकंद पुरले असते. तिसऱ्या तासाला मुलीने निबंध दिला असता, त्यांनी दहापैकी दहा दिले असते, आणि मावशींनी जन्मभर तोंड उघडलं नसतं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मावशी आपल्याला झाकून घेताहेत, हे त्यांना काही केल्या सोसवेना. मोठ्या बाईंच्या खोलीत दिवा लागलेला होता. ती खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती आणि मधली सगळी फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती.

“मला तिकडे जायचंय,” सर म्हणाले. “बाईंकडे. हा कागद त्या पत्राला जोडायचा राहिलाय.”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“वाळेपर्यंत थांबू का?”

“थांबलात तर जाणार नाही तुम्ही,” मावशी म्हणाल्या. “जा. पावलं उमटली तर मी परत पुसते.”

सरांनी खाली बसून बूट काढले. एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात खर्डा घेऊन ते मोज्यांनी निघाले. मोजे लगेच भिजले. फरशी गार होती आणि व्हरांडा त्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच लांब निघाला. दाराशी पोचल्यावर त्यांनी टकटक केली. आतून “या” म्हणेपर्यंत त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. त्यांची पावलं एकामागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. मावशी पहिल्या पावलापासून पुसत येत होत्या.